पडद्यावरून उतरणारा मिन्युएट

यूट्यूबवर ‘मिन्युएट इन जी’ असं टाकलं की दोन तऱ्हेचे व्हिडिओ समोर येतात. एकात कुणीतरी पियानोशी बसून वाजवत असतं. दुसऱ्यात माणूसच नसतो. खाली पियानोच्या पट्ट्यांची रांग, वर काळा पडदा, आणि पडद्यावरून निळ्या-हिरव्या कांड्या संथपणे उतरत एकेका पट्टीवर येऊन टेकतात. कांडी टेकली की ती पट्टी दाबायची, कांडी सरेपर्यंत धरून ठेवायची. नोटेशन वाचता येत नसलं तरी अडत नाही. घरच्या घरी पियानो शिकणारे कितीतरी जण या कांड्यांवर वाढले, आणि पियानोच्या अनेक शिक्षकांचा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. माझ्या मते या कांड्या पहिल्या आठवड्यात फार उपयोगाच्या आणि दुसऱ्या महिन्यात फार नडणाऱ्या. असं का, ते एखादी रचना हातात घेतल्याशिवाय नीट सांगता येत नाही. म्हणून हाच मिन्युएट घेऊ.

जगभर तो ‘बाखचा मिन्युएट’ म्हणून ओळखला जातो, पण तो बाखचा नाही. योहान सेबास्टियन बाखची दुसरी बायको आना माग्दालेना ही दरबारात गाणारी गायिका. १७२१ मध्ये त्यांचं लग्न झालं. घरात वाजवण्या-गाण्यासाठी तिच्या दोन वह्या होत्या, एक १७२२ ची आणि दुसरी १७२५ ची. दुसऱ्या वहीत बाखच्या स्वतःच्या रचना आहेत, मुलाचे सुरुवातीचे प्रयत्न आहेत आणि आवडले म्हणून उतरवून घेतलेले इतरांचे तुकडेही आहेत. अशा बऱ्याच तुकड्यांवर कर्त्याचं नाव नाही. वही बाखच्या घरातली, तेव्हा रचना बाखचीच, असं पुढे बराच काळ धरून चालले. १९७० च्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आलं की हा मिन्युएट ड्रेस्डेनच्या ख्रिस्टियान पेट्झोल्डच्या (१६७७–१७३३) एका सुइटमधला आहे. पेट्झोल्ड तिथल्या सोफिया चर्चचा ऑर्गनवादक. बाखने १७२५ मध्ये त्याच चर्चच्या ऑर्गनवर वादन केलं होतं. बाखच्या रचनांच्या सूचीत मिन्युएट परिशिष्टात, ११४ व्या क्रमांकावर आहे. शिकाऊ पुस्तकं मात्र अजूनही कित्येकदा बिनदिक्कत बाखचंच नाव छापतात.

खरं तर ही पियानोचीही रचना नव्हे. फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पहिला पियानो घडवला, पण तेव्हाच्या जर्मन घरांत वाजत होते ते हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड. हार्प्सिकॉर्डची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. म्हणून पुस्तकात छापलेल्या ‘हळू’, ‘मोठ्याने’ या खुणा आणि बोटांचे आकडे बहुतेक नंतरच्या संपादकांचे असतात. ते वेदवाक्य नव्हेत. मात्र बोटांचे आकडे सरसकट सोडून देऊ नयेत. त्याचं कारण पुढे येईलच.

रचना लहानशी आहे. तीन मात्रांचा एक बार, असे ३२ बार. सोळा-सोळा बारांचे दोन भाग, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. पुनरावृत्ती सोडली तर एकूण ९६ मात्रा. मिनिटाला ६० मात्रांच्या संथ लयीत सगळा मिन्युएट ९६ सेकंदांत संपतो.

आपल्याकडे पियानो नसलेल्या घरातही पेटी सापडते, आणि पेटीवाल्याला हा मिन्युएट सांगणं सोपं आहे. पट्टी पांढरी पाच. पांढरी पाचला सा धरला की पहिल्या भागात सगळे स्वर शुद्ध, आणि काळी पट्टी लागते ती एकच, काळी तीन, निषादासाठी. पहिल्या बारमध्ये एक मात्रा प, मग दुप्पट लयीत सारेगम. दुसऱ्यात प सा सा. तिसऱ्यात ध, मग दुप्पट लयीत मपधनी. चौथ्यात तार सा, आणि तिथून थेट मध्य सप्तकातल्या सावर उडी. पाचव्यापासून स्वर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात आणि आठव्या बारला येऊन थांबतात ते रे वर. कुठल्याही कानाला कळतं की बोलणं अर्धं राहिलंय. नवव्या बारला तीच सुरावट पुन्हा सुरू होते. चौदाव्या बारपर्यंत उजवा हात सहीसही पहिल्यासारखाच चालतो, शेवटचे दोन बार बदलतात आणि या वेळी मुक्काम सावर होतो.

म्हणजे पहिल्या सोळा बारांत उजव्या हाताला नवे बार दहाच. हे आधी कळलं तर कामाचा बराच भार उतरतो. पण कांड्यांच्या पडद्यावर हे कळायला वाव नाही. तिथे एका वेळी दोन-तीन बारच दिसतात आणि वाजून गेलेला बार नाहीसा होतो. नववा बार उतरतो तेव्हा पहिला समोर नसतो. कागदावर दोन्ही एकाखाली एक असतात आणि नोटेशन न वाचणाऱ्यालाही दोन ओळींचं नक्षीकाम सारखं असल्याचं दिसतं.

मग कांड्या कशाला? त्यांनी एक खरी अडचण दूर केली म्हणून. नोटेशनच्या कागदावर सुराची उंची वर-खाली मोजतात आणि काळ डावीकडून उजवीकडे सरकतो. पियानोवर मात्र सूर डावीकडून उजवीकडे चढतो. त्यामुळे कागद वाचणाऱ्याला प्रत्येक सूर मनातल्या मनात काटकोनात फिरवावा लागतो: वर म्हणजे उजवीकडे, खाली म्हणजे डावीकडे. त्यात दोन हातांसाठी पाच-पाच रेघांचे दोन वेगळे संच, आणि दोन्हीकडे तीच जागा वेगळ्या सुराची. उजव्या हाताच्या संचात खालून दुसरी रेघ म्हणजे पांढरी पाच; डाव्या हाताच्या संचात खालून दुसरीच रेघ म्हणजे पांढरी सात. नवशिक्या इथेच कंटाळतो. कांड्यांनी काटकोन काढून टाकला. पडद्यावरची आडवी जागा आणि पट्ट्यांवरची आडवी जागा एकच झाली, आणि काळ उभा झाला. कुठे दाबायचं आणि केव्हा, या दोन प्रश्नांची उत्तरं डोळ्यांना आयती मिळू लागली.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. १८९५ च्या सुमारास अमेरिकेत एडविन व्होटीने पियानोला जोडायचं ‘पियानोला’ नावाचं एक यंत्र बनवलं. त्यात भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरायची. भोक आडव्या दिशेने जिथे असेल तो सूर, आणि उभ्या दिशेने जितकं लांब तितका वेळ. हवेच्या दाबावर चालणारं ते यंत्र भोकं ‘वाचून’ पट्ट्या दाबायचं. आजच्या कांड्या म्हणजे तीच भोकं, उजेडाने भरलेली. अमेरिकेचे स्टीफन मॅलिनोव्स्की १९८० च्या दशकापासून अभिजात संगीताचे असेच रंगीत चलतपट बनवत आले आहेत. त्यात कांड्या आडव्या सरकतात आणि उद्देश वाजवून घेण्याचा नसून ऐकवण्याचा असतो. १९८३ मध्ये मिडी ही पद्धत ठरली: कोणती पट्टी, किती वेगाने दाबली आणि कधी सोडली हे आकड्यांत पाठवायची. त्यामुळे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू लागले. २००६ मध्ये ‘पियानो हीरो’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आला. ‘गिटार हीरो’ या गाजलेल्या खेळाच्या मालकांनी नावाला हरकत घेतल्यावर तो ‘सिंथेशिया’ झाला, आणि उतरणाऱ्या कांड्या जगभर पसरल्या. कॅसिओच्या काही कीबोर्डांत तर पडदाही लागत नाही, पट्टीच आतून उजळते. (आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला ‘कॅसिओ’च म्हणतात, ते सोडा.)

आता कांड्यांना न दिसणारी गोष्ट. मिन्युएटचा तिसरा बार घ्या. दुसरा बार प सा सा असा संपला: करंगळी, अंगठा, अंगठा. तिसऱ्याची सुरुवात ध ने होते. ध ची पट्टी प च्या अगदी शेजारी, उजवीकडे. करंगळी नुकतीच प वर होती, तेव्हा ती एक घर सरकवून ध वर ठेवावी असं कुणालाही वाटेल. सूर बरोबर लागतो, प्रोग्राम खूश होतो. पुढे येतात म प ध नी. करंगळी ध वर आहे म्हणजे म ला मधलं बोट, प ला अनामिका, ध ला करंगळी, आणि नी ला बोटच शिल्लक नाही. मग हात घाईने उचलायचा, करंगळीनेच काळी तीन गाठायची, तिथून पुन्हा धडपडत तार सा. संथ लयीत हे खपून जातं. लय वाढवली की दर वेळी नेमकं याच ठिकाणी अडखळायला होतं आणि कारण कळत नाही, कारण पडद्याच्या मते सगळे सूर बरोबर आहेत. उपाय साधा आहे. ध वर मधलं बोट ठेवा, म्हणजे म वर आपोआप अंगठा येतो. मग म प ध नी आणि तार सा हे पाच सूर पाच बोटांत एका ओळीत बसतात. करंगळी तार सावर पोचलीच आहे. अंगठा तिथून खालच्या सावर पसरतो. ज्याचा पंजा लहान असेल त्याने ताणायच्या फंदात न पडता हात सरळ उचलून न्यावा.

असाच दुसरा पेच सातव्या बारचा. सहावा बार सावर, अंगठ्याने संपतो, आणि सातवा सुरू होतो सा च्या डावीकडच्या निषादाने, काळी तीनवर. अंगठ्याच्या पलीकडे बोट नाही. म्हणून तर्जनी अंगठ्यावरून ओलांडून काळी पट्टी घेते आणि अंगठा खालून पुन्हा सावर येतो. पेटीवर द्रुत ताना घेणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. ज्याने फक्त कांड्या पाहिल्या, तो इथे अख्खा हात डावीकडे ढकलतो. काही प्रोग्रामांत कांडीवर बोटांचे आकडे दाखवायची सोय असते. ती असेल तर पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. नसेल तर छापील पानावरून आकडे पाहून घ्या. चुकीच्या बोटाने बसलेला तुकडा मोडून नव्याने बसवायला तो पहिल्यांदा शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

या प्रोग्रामांत आणखी एक सोय हमखास असते: तुम्ही बरोबर पट्टी दाबेपर्यंत कांड्या थांबून राहतात. जागा शोधण्यापुरती ती छान आहे. पण तीन मात्रांचं नाचाचं संगीत असं अडत-अडत चाललं की त्यात लय उरत नाही. तबलजी तुमच्या प्रत्येक सुरासाठी ठेका थांबवू लागला तर तुमचं गाणं सुधारणार नाही, तुम्हाला थांबायची सवय लागेल. म्हणून प्रत्येक हाताच्या जागा एकदा सापडल्या की ही सोय बंद करावी आणि लय हवी तेवढी खाली आणावी, मिनिटाला ५० मात्रा का होईना. चुकलं तर चुकू द्यावं, पुढच्या सुराला गाठावं. संथ पण अखंड वाजवणं हे झटपट पण तुटक वाजवण्याच्या कितीतरी वरचं.

सतत हात धरून नेण्याचा तोटा फक्त संगीतात दिसतो असं नाही. हालचाली शिकण्याविषयी झालेल्या प्रयोगांचा आढावा सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर या अभ्यासकांनी १९८४ मध्ये घेतला. त्याचं सार असं: प्रत्येक प्रयत्नाला बरोबर-चूक लगेच सांगत राहिलं तर सरावाच्या वेळी कामगिरी झकास दिसते, पण सांगणं बंद केलं की ती ढासळते. शिकणारा स्वतःची हालचाल जोखायचं सोडून सूचनेवर विसंबतो. कांड्यांवर मिन्युएट बिनचूक वाजवणारा मुलगा पडदा बंद केल्यावर चौथ्या बारला गोंधळतो, तो आळशी असतो म्हणून नव्हे. त्याच्या हातांनी मिन्युएट शिकलेलाच नसतो, त्यांनी कांडी आली की दाबायचं एवढंच शिकलेलं असतं.

नोटेशन वाचणाऱ्याची नजर वेगळं काम करते. मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९७४ मध्ये वाजवणाऱ्यासमोरचं पान मध्येच झाकून पाहिलं, की तो आणखी किती सूर बरोबर वाजवतो. चांगले वाचणारे सात सुरांपर्यंत पुढे जायचे, म्हणजे नजर हातांच्या तितकी पुढे पोचलेली असायची. कांड्यांच्या पडद्यावर नजर खिळते ती कांडी पट्टीला टेकते त्या रेषेवर. वरून येणारं दिसत असतं, पण बघायला सवड कुणाला?

वाचता येणं किती कामाचं असतं याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना गाण्याबरोबर नोटेशन वाचायलाही शिकवत. त्याच मुशीतून मुंबईच्या सिनेसंगीताला वादकांची एक फळी मिळाली, आणि सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजकही. संगीतकाराच्या मनातली चाल कागदावर उतरवायची, प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद वादकांपुढे ठेवायचा आणि मोठ्या वाद्यवृंदाकडून गाणं वाजवून घ्यायचं, हे वाचता येत होतं म्हणून जमलं. एवढे सूर एकाच वेळी वाजत असताना तोंडी सांगून भागत नाही.

दोन हातांच्या पियानोचंही तेच आहे. पेटीवाल्याला इथे खरी अडचण येते ती डाव्या हाताची. उजवा हात तयार असतो, डाव्याने जन्मभर भाता मारलेला असतो. सुदैवाने मिन्युएटचा डावा हात सुरुवातीला दयाळू आहे. पहिल्या बारमध्ये सा ग प एकत्र, दोन मात्रा, आणि मग रे. दुसऱ्यापासून सहाव्या बारपर्यंत प्रत्येक बारला एकच लांब सूर: ग, म, ग, रे, सा. बस. अवघड असतं ते हा एक सूर पूर्ण तीन मात्रा धरून ठेवणं. उजवा हात धावू लागला की डाव्याची बोटंही नकळत उचलली जातात. इथे मात्र कांड्यांना पैकीच्या पैकी गुण. लांब सूर म्हणजे लांब कांडी, आणि बोट लवकर सुटलं तर अर्धी कांडी रिकामी जाताना डोळ्यांसमोर दिसते. कागदावरच्या टिंबवाल्या पोकळ सुराला ही सर नाही. डावा हात मी म्हणेन कांड्यांवरच बसवा.

तुकडे पाडताना नाच लक्षात ठेवा. मिन्युएट हा फ्रेंच दरबारातला जोडीने करायचा नाच, आणि त्याचं मूळ पाऊल सहा मात्रांत, म्हणजे दोन बारांत पुरं होतं. म्हणून संगीतही दोन-दोन बारांनी श्वास घेतं. प्रोग्राममध्ये एखादा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवायची सोय असते. तिथे दोन बार निवडावेत आणि शेवट पुढच्या बारच्या पहिल्या सुरावर करावा. हा एक जास्तीचा सूर फार मोलाचा आहे. तो नसेल तर प्रत्येक तुकडा आतून पक्का होतो आणि जोड कच्चे राहतात. तिसऱ्या बारच्या ध ची गोष्ट वर सांगितलीच, तो पेच जोडावरचाच आहे. एकेक हात, मग दोन्ही हात, मग लय थोडी वर, आणि प्रत्येक तुकडा एकदा पडद्याकडे न बघता. न बघता आला नाही तर तो तुकडा अजून आलेला नाही, प्रोग्रामने शंभर टक्के दिले तरी.

त्या टक्क्यांवर फार जाऊ नये. प्रोग्रामला सूर आणि वेळ मोजता येतात. पहिली मात्रा थोडी वजनदार आणि उरलेल्या दोन हलक्या आहेत का, सारेगम सलग ओघात आलं की प्रत्येक स्वर खिळा ठोकल्यासारखा, आठव्या बारचा रे अर्धवट ठेवल्यासारखा वाजला का, यातलं बहुतेक त्याच्या हिशेबातच नसतं. त्यासाठी आधी भरपूर ऐकावं. जपानच्या शिनिची सुझुकींची पद्धत याच मुद्द्यावर उभी आहे, आणि त्यांच्या व्हायोलिनच्या पहिल्या पुस्तकात हाच मिन्युएट आहे. ऐकताना एवढं सांभाळा की ते मिन्युएटच असेल. १९६५ मध्ये ‘द टॉईज’ या गायिकांच्या गटाने या सुरावटीवर ‘अ लव्हर्स कॉन्चेर्टो’ हे गाणं केलं आणि ते तुफान चाललं, पण त्यात तीनाच्या चार मात्रा केलेल्या आहेत. ते गाणं डोक्यात पक्कं बसलेल्यांचे हात तिसऱ्या मात्रेनंतर उगाच रेंगाळतात.

दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे. तो थेट तार सप्तकातल्या गंधाराने सुरू होतो, आणि विसाव्या बारला एक नवी काळी पट्टी येते: काळी एक. सा पांढरी पाचचा, तेव्हा हा तीव्र मध्यम. पडद्यावर एवढंच दिसतं की इतका वेळ पांढरी एकवर उतरणारी कांडी आता शेजारच्या काळीवर उतरली. कानाला मात्र मोठी घटना घडलेली ऐकू येते. तीव्र मध्यमाने सगळा रोख पंचमाकडे वळवला आहे, आणि चोविसाव्या बारपर्यंत पंचम हाच जणू नवा सा होऊन बसतो. पुढे शुद्ध मध्यम परत येतो आणि सूर घरी वळतात. यमन आणि बिलावल कानांत असलेल्या आपल्या श्रोत्याला ही जागा समजावून सांगायची गरज नाही. त्याने फक्त पडद्याकडे न बघता, डोळे मिटून ती एकदा ऐकावी.

सामानाबद्दल थोडं. या रचनेला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो. दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त होणारा असावा. फोनच्या माइकवर ऐकून बरोबर-चूक सांगणारे प्रोग्राम एकत्र वाजलेल्या सुरांत घोटाळा करतात, तेव्हा शक्य असेल तर यूएसबी केबल जोडावी. ब्लूटूथ हेडफोन सरावाला नकोत. त्यात आवाज पोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा जास्तही उशीर होऊ शकतो, आणि तेवढ्याने लय बिघडते. टॅब्लेट डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा. पट्ट्यांवर आडवा टाकलेला फोन मान वाकवतो आणि मनगट पाडतो. नोटेशनसाठी पैसे मोजायची गरज नाही. रचना केव्हाच स्वामित्वहक्काच्या बाहेर गेलेली आहे. २००६ पासून चालू असलेल्या आयएमएसएलपी या मोफत संग्रहात ती मिळते. म्यूझस्कोअर या मोफत प्रोग्राममध्ये नोटेशन समोर चालतं, लय कमी करता येते आणि तुकडा फिरवताही येतो. कांड्यांवरून कागदावर येताना हा मधला पूल फार बरा.

आणि घरात आधीपासून असलेलं सर्वात उपयोगी दृश्य साधन म्हणजे फोनचा कॅमेरा. तो बाजूला, हातांच्या उंचीवर ठेवून दोन बार वाजवा आणि नंतर आवाज बंद करून बघा. करंगळी ताठ उभी राहते का, मनगट पट्ट्यांच्या खाली बुडतं का, डाव्या हाताचं बोट तिसऱ्या मात्रेआधी सुटतं का, हे सगळं अर्ध्या मिनिटात दिसतं. यातल्या मनगटाबद्दल आणि करंगळीबद्दल कांड्यांचा कुठलाही प्रोग्राम चकार शब्द काढणार नाही. जवळ शिक्षक असतील तर हाच व्हिडिओ त्यांना दाखवा. प्रोग्रामने दिलेले टक्के दाखवू नका.

मिन्युएट बसला की थांबू नका. त्याच वहीत लगेच पुढे त्याचा जोडीदार आहे, परिशिष्टातला ११५ वा, पेट्झोल्डचाच, सा तोच पण गंधार कोमल. दोन्ही एकामागून एक वाजवून पुन्हा पहिल्यावर यायची पद्धत आहे. त्या दुसऱ्या मिन्युएटचा कांड्यांचा व्हिडिओ शोधू नका. नोटेशन छापून घ्या, बोटांचे आकडे पेन्सिलीने स्वतः घाला, आणि पहिले आठ बार कागदावरूनच बसवा.